डॉ. मारिया मॉन्टेसरी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. इटलीची राजधानी रोम येथील एका वेड्यांच्या इस्पितळात एक तरुण स्त्री-डॉक्टर वरचेवर जात असे. तेथे मोठ्या माणसांबरोबर काही लहान मुलेही कोंडलेली होती. ती वेडी नव्हती. त्यांची बुद्धी वयाच्या मानाने वाढलेली नव्हती, एवढाच त्यांचा अपराध. कोणाला बोलता येत नसे, कोणाला आपले कपडे घालता येत नसत, कोणी दिवसभर एकटेच डुलत बसे. अशा मुलांना ठेवण्यास दुसरी जागा नव्हती, म्हणून समाजाने त्यांना वेड्यांच्या पंक्तीला बसविले होते. त्यांची खोली उघडी-बोडकी होती. तीत ना खेळणे होते, ना चित्र, ना हातात धरावयास साधी काठी.

त्या मुलांवर देखरेख करणारी बाई त्यांना अगदी विटली होती. जेवण आटोपले की ही मुले जमिनीवर पालथी पडून पावाचे कण वेचतात, असे ती तिरस्काराने सांगे, अशी कथा आहे. तरुण डॉक्टरीण हे पाहत राहिली. मुलांचे पोट तर भरलेले होते. ती ते कण कुस्करीत होती, बोटांत फिरवीत होती, त्यांचे गोळे करीत होती. तिच्या ध्यानात आले की, ही भूक पोटाची नाही, ही हातांची भूक आहे. साऱ्या खोलीत हाताळता येण्याजोगी एकच वस्तू त्यांना मिळत होती, आणि ती म्हणजे जमिनीवर सांडलेला पाव. ज्या दृश्यात इतरांना ओंगळपणा दिसला, त्यात तिला ज्ञानाची धडपड दिसली. ही तरुण डॉक्टरीण म्हणजेच मारिया मॉन्टेसरी. बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. परंतु त्यांच्या कार्याचा उगम या उपेक्षित मुलांच्या सहवासात झाला, हे पुष्कळांना माहीत नसते.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या कियाराव्हाले या लहानशा गावी झाला. इटलीचे छोटे छोटे प्रांत एक होऊन नवे राष्ट्र नुकतेच उदयास आले होते. वडील अलेस्सांद्रो हे सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते. स्वभावाने ते करडे व जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र वाचनाची मोठी शौकीन आणि नव्या विचारांचे स्वागत करणारी होती. वडिलांच्या नोकरीच्या निमित्ताने हे कुटुंब प्रथम फ्लॉरेन्सला व १८७५ मध्ये रोमला येऊन राहिले.

त्या काळी इटलीत मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी समजूत होती. मारिया यांना गणिताची गोडी होती. तेराव्या वर्षी त्यांनी तांत्रिक शाळेत नाव घातले व इंजिनिअर होण्याचा मनोदय बोलून दाखविला. पुढे त्यांचे मन पालटले आणि वैद्यकाचा अभ्यास करावयाचा, असे त्यांनी ठरविले. हा विचार वडिलांना मुळीच रुचला नाही. परंतु आई पाठीशी उभी राहिली. १८९० साली मारिया रोमच्या विद्यापीठात दाखल झाल्या आणि दोन वर्षे निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून त्यांनी वैद्यक शाखेत प्रवेश मिळविला.

तेथील वाट काट्यांची होती. मुलांनी भरलेल्या वर्गात त्या एकट्या पडत. प्रेतांचे विच्छेदन करून शरीररचना शिकावयाची, तर परपुरुषांच्या समक्ष स्त्रीने उघडे शरीर पाहणे हे त्या काळच्या शिष्टाचारात बसत नव्हते. म्हणून सारे विद्यार्थी निघून गेल्यावर, सायंकाळी, दिव्याच्या उजेडात मारिया एकट्याच त्या दालनात बसत. भोवती मृत देह, नाकात औषधांचा उग्र दर्प आणि सोबतीला कोणी नाही! कित्येकदा हे सारे सोडून द्यावे असे त्यांना वाटले. पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी त्यांनी वर्गापुढे एक व्याख्यान दिले, तेव्हा वडीलही ऐकावयास आले होते. मुलीच्या विद्वत्तेवर श्रोत्यांनी केलेला स्तुतीचा वर्षाव पाहून त्यांचा राग निवळला, असे सांगतात. १८९६ साली मारिया डॉक्टर झाल्या. इटलीच्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी इटलीचे प्रतिनिधित्व केले आणि सारख्या कामासाठी स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे, अशी मागणी केली.

डॉक्टर झाल्यावर त्यांना खाजगी व्यवसायात नाव व पैसा मिळविता आला असता. परंतु १८९७ साली त्या विद्यापीठाच्या मनोरुग्णचिकित्सालयात स्वेच्छेने काम करू लागल्या. तेथील रुग्णांची निवड करण्यासाठी त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथेच त्यांनी ती मुले पाहिली. त्या काळातील बहुतेक वैद्यांचे मत असे होते की, अशा मुलांचा रोग मेंदूत आहे. तेव्हा औषधाने काही साधले तर साधले, नाही तर इलाज खुंटला. मारिया यांना हे पटेना. त्यांच्या मनात एक वेगळाच विचार रुजू लागला : या मुलांचा प्रश्न मुख्यतः औषधाचा नसून शिक्षणाचा आहे. मात्र असे शिक्षण द्यावयाचे कसे? ते शिकविणारे कोणतेही विद्यालय रोममध्ये नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःची विद्यार्थिनी होण्याचे ठरविले.

ग्रंथ धुंडाळता धुंडाळता त्यांना दोन फ्रेंच गुरू सापडले. दोघेही तेव्हा हयात नव्हते. पहिले डॉक्टर झाँ इतार. १८०० साली फ्रान्समधील आव्हेरों प्रांताच्या रानात एक मुलगा सापडला होता. तो सुमारे बारा वर्षांचा असावा. त्याला बोलता येत नव्हते. माणसांत राहण्याची त्याला सवय नव्हती. हा मुलगा जन्मतःच बुद्धिहीन आहे, असा निर्वाळा मोठमोठ्या पंडितांनी दिला. परंतु इतार यांनी त्याला पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत आपल्या देखरेखीखाली घेतले, त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाच वर्षे त्याला शिकविण्यासाठी अपार कष्ट घेतले. उष्ण-शीत, खरखरीत-गुळगुळीत असे स्पर्श, निरनिराळे ध्वनी, अक्षरांचे आकार यांची ओळख त्याला करून दिली. व्हिक्टर बोलावयास कधीच शिकला नाही. तथापि अक्षरे जुळवून काही शब्द तो ओळखू लागला, भोवतालच्या माणसांविषयी त्याच्या मनात माया उपजली. इतार यांना आपला प्रयत्न फसला असे वाटले; पण त्या फसलेल्या प्रयत्नानेच पुढील पिढ्यांना वाट दाखविली.

दुसरे गुरू म्हणजे इतार यांचे शिष्य एदुआर सेगाँ. १८१२ साली जन्मलेल्या सेगाँ यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांसाठी पॅरिसमध्ये शाळा चालविली, आपल्या पद्धतीवर १८४६ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे अमेरिकेत जाऊन तेथेही अशा शाळांचा पाया घातला. आधी स्नायूंना वळण लावावे, मग इंद्रियांना तयार करावे आणि त्यानंतर कल्पना व विचार यांच्याकडे जावे, असा त्यांचा क्रम होता. नवा शब्द शिकविण्याची त्यांची रीतही सोपी होती. प्रथम वस्तू दाखवून तिचे नाव सांगावयाचे. नंतर ते नाव उच्चारून मुलाला वस्तू दाखवावयास लावावयाचे. आणि शेवटी वस्तू दाखवून तिचे नाव त्याच्याकडून काढून घ्यावयाचे. तिसऱ्या पायरीवर मूल अडखळले, तर त्याला दोष न देता पुन्हा पहिल्या पायरीवर यावयाचे. आज जगातील असंख्य बालवाड्यांत हीच रीत चालते.

१८९८ च्या सप्टेंबर महिन्यात तुरीन शहरी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद भरली. तेथे अठ्ठावीस वर्षांच्या डॉ. मॉन्टेसरी उभ्या राहिल्या आणि त्यांनी शिक्षकांना बजावले की, शाळेने ज्यांना नालायक ठरवून बाहेर लोटले, त्या मुलांची जबाबदारी शाळेलाच टाळता येणार नाही. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग हवेत, वेगळ्या संस्था हव्यात आणि सर्वांत आधी त्यांना शिकवू शकतील असे शिक्षक तयार करावयास हवेत. या भाषणाचा मोठा परिणाम झाला. शिक्षणमंत्र्यांनी त्यांना रोममध्ये शिक्षकांसाठी व्याख्याने देण्यास बोलाविले. अशा मुलांसाठी एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि त्याच्या प्रयत्नाने १९०० साली रोममध्ये एक विशेष अध्यापनविद्यालय उघडण्यात आले. डॉ. जुझेप्पे मोन्तेसानो व डॉ. मॉन्टेसरी हे त्याचे संचालक झाले.

या विद्यालयात पहिल्याच तुकडीत ६४ शिक्षकांनी नावे घातली. मानसशास्त्र, मज्जासंस्थेची रचना व तिचे कार्य, बौद्धिक दुर्बलतेची कारणे व लक्षणे आणि शिकविण्याच्या विशेष पद्धती हे विषय त्यांना शिकावे लागत. मस्तकाची व शरीराची मापे घेण्याचे शास्त्रही त्यांत होते. अशा मापांवरून बुद्धीची पारख होते, हा त्या काळचा समज पुढे चुकीचा ठरला. परंतु एका बाबतीत हे विद्यालय काळाच्या पुढे होते. त्याला जोडूनच मुलांचा वर्ग होता. शाळांनी नाकारलेली आणि वेड्यांच्या इस्पितळातून आणलेली मुले त्या वर्गात शिकत. त्यामुळे पुस्तकात वाचलेले तत्त्व खरे की खोटे, हे शिक्षकांना डोळ्यांसमोर पाहता येई.

डॉ. मॉन्टेसरी सकाळी आठ वाजल्यापासून सायंकाळी सात वाजेपर्यंत मुलांत असत. रात्री दिवसभराच्या नोंदी काढून त्या ताडून पाहत आणि उद्या काय करावयाचे ते ठरवीत. त्या पॅरिसलाही जाऊन आल्या होत्या. तेथील एका प्रसिद्ध संस्थेत सेगाँची साधने वापरात होती. पण ती वापरणाऱ्यांना त्यांचे मर्म कळलेले नव्हते, असे त्यांना आढळले. साधन निर्जीव असते; त्यात प्राण ओततो तो शिक्षक. शिक्षकाचा आवाज, त्याची चालचर्या, मुलाविषयीचा आदर यांनी मुलाचे झोपलेले मन जागे होते, हा धडा त्यांनी तेथून घेतला व आपल्या विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविला.

त्यांच्या वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातांत बळ होते. पण तिला शिवणे काही केल्या येईना. सुई कापडातून खाली-वर घालणे एवढी साधी गोष्टही तिला साधत नव्हती. बाईंनी शिवण बाजूला ठेवले आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणावयास दिली. एक पट्टी वर, एक पट्टी खाली, असे ते काम होते. मुलगी त्यात रमली. काही दिवसांनी तिच्या हातात पुन्हा सुई दिली, तो काय आश्चर्य! ती रफू करू लागली. शिवण न शिकविताच तिचे हात शिवणासाठी तयार झाले होते. या लहानशा घटनेने डॉ. मॉन्टेसरी यांना एक मोठे तत्त्व दिले. मुलाला एखादे काम येत नसेल, तर तेच ते काम पुन्हा पुन्हा त्याच्या माथी मारू नये. त्या कामाला लागणाऱ्या हालचाली शोधून काढाव्यात आणि त्या वेगळ्या, सोप्या व आनंददायक कामांतून आधी त्याच्या हाती बसवाव्यात.

हेच तत्त्व त्यांनी लेखनाला लावले. त्यांनी लाकडाची सुबक अक्षरे करवून घेतली. मुले त्या अक्षरांवरून बोट फिरवीत, मग तशीच काडी फिरवीत. डोळा आकार पाही, बोट वळण गिरवी आणि कान त्या अक्षराचा ध्वनी ऐके. अशा रीतीने हात तयार झाल्यावर लेखणी त्यांना जड वाटेना. ज्यांना कोणी काही शिकवू धजत नव्हते, अशी काही मुले लिहू-वाचू लागली. इतकेच नव्हे, तर सामान्य मुलांबरोबर सार्वजनिक परीक्षेस बसून ती उत्तीर्ण झाली. रोममध्ये या यशाची चर्चा सुरू झाली. लोकांना हा चमत्कार वाटला.

सारे लोक स्तुती करीत असता डॉ. मॉन्टेसरी मात्र विचारात पडल्या. दुबळ्या बुद्धीची मुले जर निरोगी मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण होत असतील, तर निरोगी मुलांना एवढ्या खालच्या पायरीवर अडवून धरले आहे ते कोणी? त्यांच्या मुलांना कोणीतरी हात धरून चालविले होते. शाळांतील धडधाकट मुलांना मात्र बाकांना खिळवून दडपून टाकले होते. या प्रश्नाने त्यांची झोप उडविली.

याच सुमारास त्यांच्या खाजगी जीवनात एक दुःख खोल रुतले होते. १८९८ साली त्यांना मारिओ नावाचा मुलगा झाला होता. डॉ. मोन्तेसानो हे त्याचे वडील. परंतु दोघांचा विवाह झाला नाही. अविवाहित मातेला त्या काळचा समाज क्षमा करीत नसे. मूल जवळ ठेवावे तर हाती घेतलेले सारे काम संपुष्टात येणार, अशी स्थिती होती. म्हणून मारिओला खेड्यातील एका कुटुंबात वाढविण्यास ठेवावे लागले. आई अधूनमधून त्याला भेटावयास जाई. पण आपण कोण हे सांगण्याची तिला सोय नव्हती. दुसऱ्यांच्या टाकलेल्या मुलांना दिवसभर उराशी धरणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या मुलाला उघडपणे पोटाशी धरता येत नव्हते. १९०१ साली डॉ. मोन्तेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला. डॉ. मॉन्टेसरी यांनी विद्यालयाचे संचालकपद सोडले.

आता त्या एकतीस वर्षांच्या होत्या. पदवी, कीर्ती, अनुभव सारे त्यांच्यापाशी होते. अशा वेळी त्यांनी जे केले, ते फार थोडी माणसे करतात. त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. रोमच्या विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या अभ्यासासाठी नव्याने नाव घातले. प्राथमिक शाळांत जाऊन त्या मागच्या बाकांवर बसत व मुलांचे निरीक्षण करीत. याच काळात त्यांनी इतार व सेगाँ यांचे फ्रेंच ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत इटालियन भाषेत स्वतःच्या हाताने उतरून काढले. सेगाँचा ग्रंथच सुमारे सहाशे पानांचा होता. पूर्वीच्या काळी मठांतील साधू जसे पोथ्या उतरीत, तसे त्यांनी हे काम केले. प्रत्येक शब्दाचा अर्थ पुरता मनात मुरावा, लेखकाचा आत्मा आपल्याला कळावा, एवढाच त्यांचा हेतू होता. ग्रंथ नुसता डोळ्यांनी वाचला तर तो निसटतो. हाताने लिहिला तर तो अंगी मुरतो, ही शिकवण त्यांनी मुलांना दिली होती आणि आता ती स्वतः आचरणात आणली. १९०४ पासून काही वर्षे त्यांनी त्याच विद्यापीठात अध्यापनही केले.

या तपश्चर्येचे फळ १९०७ साली दिसले. रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत एका संस्थेने मजुरांसाठी चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले जिन्यात धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळण्याचे काम डॉ. मॉन्टेसरी यांच्याकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते ‘बालगृह’ उघडले. तीन ते सहा वर्षांची पन्नासाहून अधिक भेदरलेली, रडवी मुले तेथे गोळा झाली. उपेक्षित मुलांसाठी तयार केलेली साधने डॉ. मॉन्टेसरी यांनी या मुलांपुढे ठेवली. महागड्या लाकडी अक्षरांऐवजी पुठ्ठ्यावर खरखरीत कागदाची अक्षरे चिकटविली. मुलांच्या उंचीची मेजे व खुर्च्या आणविल्या. एक चिमुरडी लाकडी दट्टे त्यांच्या खोबणीत बसविण्याच्या कामात एवढी गढून गेली की, भोवती गाणी चालली, तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते काम केले आणि मग तृप्त होऊन ती हसली. थोड्याच महिन्यांत चार-पाच वर्षांची मुले आपण होऊन लिहू लागली.

ही वार्ता देशोदेशी पसरली. १९०९ साली त्यांच्या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१३ साली त्या अमेरिकेस गेल्या. आईच्या निधनानंतर, याच सुमारास, पंधरा वर्षांचा मारिओही त्यांच्याकडे राहावयास आला. तो पुढे त्यांचा उजवा हात झाला. पण जगापुढे त्याची ओळख बहुधा पुतण्या किंवा मानलेला मुलगा अशीच करून दिली जाई. इटलीत मुसोलिनीची सत्ता आल्यावर आरंभी त्याने त्यांच्या शाळांना साहाय्य दिले व त्यांनी ते स्वीकारले. परंतु लहान मुलांना आज्ञाधारक शिपाई बनविण्याचे त्याचे धोरण त्यांच्या शिकवणीशी जुळणे शक्य नव्हते. १९३४ साली हा संबंध तुटला व त्यांच्या शाळा बंद पडल्या. जर्मनीतही तेच घडले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्याने त्यांना बार्सिलोनाही सोडावे लागले. उतारवयात हॉलंडने त्यांना आश्रय दिला.

भारताशी त्यांचा संबंध मोठा जिव्हाळ्याचा आहे. त्या येथे येण्यापूर्वीच त्यांचे विचार येथे पोहोचले होते. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि पुढे त्यांनी हे काम महाराष्ट्रात आणले. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे व नंतर कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत ते पोहोचले. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे ही तेथील साधने झाली.

१९३९ सालच्या अखेरीस, एकोणसत्तराव्या वर्षी, डॉ. मॉन्टेसरी मारिओसह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. सुमारे तीनशे शिक्षक त्यांच्याकडून शिकावयास जमले. त्या इटालियन भाषेत बोलत व मारिओ इंग्रजीत भाषांतर करून सांगत. परंतु जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. आईला अड्यारची हद्द सोडण्याची बंदी झाली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून सरकार त्यांचा पुत्र त्यांना परत करीत आहे, असा तिचा आशय होता. बेचाळीस वर्षे जे नाते लपवावे लागले होते, ते एका परक्या सरकारच्या तारेत पुत्र या शब्दाने उघड उच्चारले गेले. युद्ध संपेपर्यंत त्या भारतात राहिल्या, हजारांवर शिक्षकांना त्यांनी शिकविले व १९४६ साली युरोपास परतल्या. पुढे त्या पुन्हा एकदा येथे येऊन गेल्या. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव तीनदा सुचविले गेले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या नावाच्या शाळा आज जगभर आहेत. त्यांत बहुधा सुखवस्तू घरांतील मुले शिकतात. परंतु ज्या मुलांनी त्यांना पहिला धडा दिला, त्यांचे पुढे काय झाले? त्यांच्याविषयीचे ज्ञान हळूहळू वाढत गेले. पूर्वी साऱ्यांना एकाच नावाने हिणविले जाई. पुढे कळून आले की, अशा मुलांत अनेक प्रकार आहेत. रशियातील डॉ. सुखारेवा यांनी १९२५ च्या सुमारास, अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली आणि व्हिएन्नाचे डॉ. हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली आपल्याच विश्वात रमणाऱ्या, बोलण्याचे व माणसांशी मिसळण्याचे वळण निराळे असणाऱ्या मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. कॅनर यांनी अशा अकरा मुलांचा अभ्यास केला होता. या अवस्थेला आज स्वमग्नता म्हणतात. इतार यांचा व्हिक्टर हाही स्वमग्न असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. वेड्यांच्या इस्पितळातील त्या खोलीत एकटेच डुलणाऱ्या मुलांतही अशी काही मुले असतील. मात्र त्या वेळी त्यांच्या वेगळेपणाला नाव मिळालेले नव्हते.

आज अशा मुलांना शिकविणे हे एक स्वतंत्र शास्त्र मानले जाते. विशेष शिक्षण या विषयात विद्यापीठे पदव्या व पदव्युत्तर पदव्या देतात. स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा त्यात खास अभ्यास करता येतो. भारतातही १९९९ व २०१६ सालच्या कायद्यांनी स्वमग्न व्यक्तींचे हक्क मान्य केले आहेत. या शास्त्राचा विद्यार्थी आज ग्रंथालयात बसून शेकडो ग्रंथ वाचू शकतो. डॉ. मॉन्टेसरी यांच्यापुढे धूळ खात पडलेले मोजके ग्रंथ आणि एक उघडी-बोडकी खोली होती. त्या खोलीतील मुलांकडे त्यांनी नीट पाहिले, त्यांच्या हातांना काम दिले, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते शिकण्यासाठी मान मिळत असताना पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसण्यास त्या लाजल्या नाहीत. शिकवू इच्छिणाऱ्याने आधी शिकावे आणि शिकण्याआधी नीट पाहावे, हाच त्यांच्या चरित्राचा संदेश आहे.